गाव, गुंबद आणि शेजारधर्म

इंग्लंडात स्थायिक झालेल्या माझ्या एका भाच्याने काही वर्षांपूर्वी तेथील एका लहानशा खेड्यात जुने घर विकत घेतले. पहिल्याच हिवाळ्यात दर्शनी बाजूच्या एका खिडकीची लाकडी चौकट कुजलेली आढळली. ती काढून टाकावी आणि थंडी अडविणारी, दुहेरी काचांची प्लॅस्टिकची खिडकी बसवावी, असा त्याचा साधा विचार होता. परंतु स्थानिक कार्यालयाने परवानगी नाकारली. ते घर ‘यादीतले’ होते. खिडकी बदलावयाची तर ती लाकडाचीच हवी, तावदानांची विभागणी पूर्वीसारखीच हवी, आणि हे सर्व आधी मंजूर करून घ्यावयास हवे, असे त्याला कळविण्यात आले. बिचाऱ्याने त्राग्याने मला फोन केला. “मामा, घर माझं, पैसे माझे, थंडीही मलाच वाजते, मग खिडकी सरकारची कशी?”

त्या वेळी मी हसलो आणि विषय बदलला. त्याच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे दिल्लीतील जुन्या गावांविषयी वाचू लागलो, त्या गावांतून हिंडू लागलो, तेव्हा तो प्रश्न पुनःपुन्हा आठवू लागला. एखादी जुनी वास्तू कोणाची? जो तीत राहतो त्याची, जो तिचा कायदेशीर धनी आहे त्याची, की तिच्या शेजारी जन्म काढणाऱ्या सर्वांची? मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपण सारे गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडीत आहोत. त्या हिशेबात हा एक प्रश्नही असावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या इंग्रजी यादीविषयी थोडे सांगावयास हवे. इंग्लंडात प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला कायदा १८८२ साली झाला. त्याची व्याप्ती फार लहान होती. स्टोनहेंजसारखी प्रागैतिहासिक शिळावर्तुळे आणि थडगी यांचाच त्यात मुख्यतः समावेश होता. ज्या घरात माणूस राहतो त्याला हात लावण्याची त्या काळच्या कायद्याची छाती नव्हती. इंग्रज माणसाला आपले घर म्हणजे किल्लाच वाटतो. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात शहरेच्या शहरे उद्ध्वस्त झाली आणि मग दृष्टी पालटली. १९४७ च्या नगररचना कायद्याने देशभरातील उल्लेखनीय इमारतींच्या याद्या करण्याचे काम सरकारवर सोपविले. १९६७ मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडले. एकेकटी इमारतच नव्हे, तर अख्खी वस्ती, तिच्या गल्ल्या, झाडे आणि मोकळ्या जागा यांसह जपण्याची तरतूद झाली. आज एकट्या इंग्लंडच्या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत. त्यांत राजवाडे आहेत, देवळे आहेत. पण फार मोठा भाग खेड्यापाड्यांतील साध्या घरांचा, खानावळींचा, पुलांचा आणि गोठ्यांचा आहे. रस्त्याकडेच्या तांबड्या टेलिफोनपेट्याही त्या यादीत हजारांनी आढळतात.

यातील मर्म असे की, ही यादी मुख्यतः जित्याजागत्या घरांची आहे. त्या घरांत चुली पेटतात, मुले वाढतात. कायदा घरमालकाला बाहेर काढीत नाही. ‘तू राहा, पण सांभाळून राहा,’ एवढेच बजावतो. आपल्या देशात मात्र स्मारकरक्षणाची कथा निराळ्या वाटेने गेली. ती वाट दिल्लीतील एका गावाच्या इतिहासातून जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. ते गाव म्हणजे बेगमपूर.

दक्षिण दिल्लीत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी अनेकजण मालवीय नगर किंवा सर्वप्रिय विहार यांच्या बाजूने नित्य जात-येत असतील. या वसाहतींच्या मधोमध दाटीवाटीने उभे असलेले बेगमपूर हे जुने गाव आहे. मी स्वतः त्या परिसरात पंचवीस वर्षांहून अधिक काळ राहिलो. भाजी त्या बाजूने आणली, रिक्षा त्या बाजूने वळविली. पण गावात पाऊल म्हणून टाकले नाही. ‘गाव आहे, गल्ल्या अरुंद आहेत, आपले तिथे काय काम?’ अशी ती वृत्ती होती. आज ते कबूल करताना संकोच वाटतो. शेवटी एका रविवारी गेलो. एका गल्लीच्या टोकाशी घरांची रांग संपली आणि समोर उंच जोत्यावर चढणाऱ्या दगडी पायऱ्या दिसल्या. पायऱ्या चढून दारातून आत गेलो आणि क्षणभर थबकलोच. गर्दीच्या गावाच्या पोटात आभाळाएवढे मोकळे अंगण होते! चहू बाजूंनी कमानींच्या ओवऱ्या, त्यांवर लहान लहान घुमटांच्या ओळी, पश्चिमेस एक प्रचंड उंच कमान आणि तिच्या दोन्ही अंगांना वर निमुळते होत जाणारे मनोरे. अंगणात गावातील पोरे क्रिकेट खेळत होती. हीच बेगमपुरी मशीद.

बाहेरून मोजली तर ही वास्तू अदमासे नव्वद मीटर लांब आणि जवळजवळ तितकीच रुंद आहे. ती कोणी बांधली याविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. एक मत असे की, फिरोजशहा तुघलकाचा वजीर खान-इ-जहान जुनानशहा याने चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती बांधली. दुसऱ्या मताप्रमाणे ती त्याआधीची, म्हणजे महंमद बिन तुघलकाच्याच काळातील, त्याच्या राजधानीची मुख्य मशीद होय. जवळच विजयमंडल नावाचा भग्न महाल आहे. लाकडी खांबांनी नटलेला तुघलकाचा ‘हजार सुतून’, म्हणजे सहस्र स्तंभांचा दरबार, तो हाच, असे मानले जाते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने तो दरबार स्वतः पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे.

महंमद बिन तुघलक हे नाव ऐकताच मराठी माणसाला दिल्लीपेक्षा देवगिरी आधी आठवते. १३२७ च्या सुमारास दिल्लीची राजधानी देवगिरीस हलविणारा आणि देवगिरीचे दौलताबाद करणारा सुलतान तो हाच. देवगिरीचा किल्ला आपण शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. त्याच्या अंधाऱ्या भुयारात एकमेकांना भिवविलेले असते. ज्या नगरातून त्याने लोकांना दक्षिणेकडे नेले त्या नगराचा गाभा मात्र आपल्या दिल्लीतील घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे आपल्यापैकी कितीजणांच्या ध्यानी येते? त्या नगराचे नाव जहाँपनाह. जुनी दिल्ली म्हणजे पिथौऱ्याचा किल्ला आणि अल्लाउद्दीन खलजीची सिरी, या दोहोंना जोडणारा तट घालून तुघलकाने ते वसविले. अल्लाउद्दीन हाही आपल्या ओळखीचाच. १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आलेला. सिरीच्या अवशेषांत आज शाहपूर जाट हे गाव आहे, आणि त्याने खणविलेल्या तलावाच्या काठी हौज खास हे गाव. अशा रीतीने आपल्या क्रमिक पुस्तकातील इतिहासाची एक बाजू महाराष्ट्रात राहिली आणि दुसरी बाजू येथे, या गावांच्या गल्ल्यांत, पडून राहिली.

१३९८ मध्ये तैमूरने दिल्ली लुटली. राज्ये बदलली, राजधान्या यमुनेच्या काठाकडे सरकल्या, आणि जहाँपनाहच्या विस्तीर्ण भूमीवर शेते पसरली. शेते आली की गावे येतात, आणि गावाला सर्वांत आधी हवी असते भिंत. चोर, लुटारू, फौजांची ये-जा यांपासून जीव वाचविण्यासाठी उंच जोत्यावरील, जाड भिंतींच्या, मोजक्या दारांच्या मशिदीसारखा आयता कोट दुसरा कोठला मिळणार? बेगमपूरच्या लोकांनी त्या अंगणात आपली घरे बांधली. ओवऱ्यांत संसार थाटले, गुरे बांधली. पिढ्यान् पिढ्या हे गाव त्या वास्तूच्या पोटात नांदत होते. पलीकडच्या खिडकी गावाची कथाही बरीचशी अशीच आहे. तेथील मशिदीच्या दगडी जाळीच्या खिडक्यांवरूनच गावाला ते नाव पडले. आपल्या मराठी कानाला त्याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. कोटला मुबारकपूर हे गावही सय्यद घराण्यातील मुबारकशहाच्या कबरीभोवतीच्या कोटाच्या आश्रयानेच वाढले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. या गावकऱ्यांनी वास्तूंची नासधूस केली, असे सरसकट म्हटले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. भिंती फोडल्या गेल्या, कमानी बुजविल्या गेल्या, धुराने छते काळवंडली. पण दुसरीही बाजू आहे. ओसाड वास्तूचे दगड लोक नेतात. नांदत्या वास्तूचे दगड सहसा नेत नाहीत. राहणाऱ्याला छप्पर हवे असते, म्हणून तो गळती बुजवितो, पिंपळाचे रोप उपटतो. बेगमपूरच्या भिंती पाचशे-सहाशे वर्षे उभ्या राहिल्या, त्यात त्या गावकऱ्यांच्या संसाराचाही काही वाटा असलाच पाहिजे, असे मला वाटते.

पुढे इंग्रजी अंमलात लॉर्ड कर्झनच्या प्रेरणेने १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा झाला. या कायद्याचे ऋण मोठे आहे. तो नसता तर आज पाहण्याजोगे फारच थोडे उरते. १९११ मध्ये राजधानी दिल्लीस आणण्याची घोषणा झाली आणि नव्या नगरीसाठी जमिनी मोजल्या जाऊ लागल्या. तेव्हा पुरातत्त्व खात्याचे मौलवी जफर हसन यांनी दिल्लीच्या गावागावांतून फिरून जुन्या वास्तूंची यादी केली. १९१६ ते १९२२ या काळात चार खंडांत ती प्रसिद्ध झाली. तीत तेराशेच्या आसपास नोंदी आहेत. कोणत्या गावात, कोणत्या दिशेला, कोणाच्या मालकीची, कोणत्या अवस्थेत, अशी प्रत्येक वास्तूची हकीकत त्यांनी टिपून ठेवली. त्याआधी १८४७ मध्ये सर सय्यद अहमदखान यांनी ‘आसार-उस-सनादीद’ या ग्रंथात दिल्लीच्या वास्तूंचे वर्णन केले होते, आणि त्याच्याही कितीतरी आधी खुद्द फिरोजशहा तुघलकाने आपण दुरुस्त केलेल्या पूर्वीच्या राजांच्या इमारतींचा अभिमानाने उल्लेख करून ठेवला होता. तात्पर्य, याद्या करण्यात दिल्ली कधीच मागे नव्हती.

परंतु १९०४ चा कायदा हा इंग्लंडच्या त्या पहिल्या, ‘निर्मनुष्य’ स्मारकांच्या कल्पनेचा वारसदार होता. संरक्षण म्हणजे वास्तू रिकामी करणे, तिला कुंपण घालणे, गवत लावणे आणि पाटी ठोकणे, असाच त्याचा व्यवहारातील अर्थ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बेगमपुरी मशिदीतील घरे हलविण्यात आली आणि गाव भिंतींच्या बाहेर आले. वास्तूची मूळ रचना पुन्हा दृष्टीस पडली, हा लाभ निःसंशय मोठा. तथापि त्या दिवशी वास्तू आणि गाव यांच्यामध्ये एक अदृश्य भिंतही उभी राहिली. कालपर्यंत जे घर होते ते आज ‘सरकारी’ झाले. इंग्लंडने पुढे १९४७ मध्ये आपली कल्पना बदलली आणि नांदत्या घरांकडे मोर्चा वळविला. आपण स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये नवा कायदा केला, पण त्यातील दृष्टी बहुतांशी जुनीच राहिली.

दरम्यान गावाची दुसरी कथा चालू होती. १९०८ च्या जमीनमोजणीत प्रत्येक गावठाणाभोवती नकाशावर तांबडी रेघ ओढली गेली. तिलाच ‘लाल डोरा’ म्हणतात. रेघेच्या आतील घरांवर शेतसारा नाही, बाहेरच्या शेतांवर आहे, एवढाच तिचा मूळ हेतू. स्वातंत्र्यानंतर निर्वासितांना घरे हवी होती, सरकारी कचेऱ्यांना जागा हव्या होत्या, वाढत्या नगरीला वसाहती हव्या होत्या. रेघेबाहेरची शेते गेली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी शाहपूर जाटच्या भूमीवर क्रीडाग्राम उभे राहिले, हे तर आपल्यापैकी ज्येष्ठांनी डोळ्यांदेखत पाहिले आहे. शेतकऱ्यापाशी उरले ते लाल डोऱ्यातले घर. १९६३ मध्ये एका अधिसूचनेने या डोऱ्याच्या आतील बांधकामाला महापालिकेच्या इमारत-नियमांतून सूट मिळाली. शेत गेलेल्या माणसाने मग त्या मूठभर जागेवर मजल्यावर मजले चढवून भाडेकरू ठेवले. त्याला दुसरे कोणते पीक घेता येणार होते?

मग १९९२ मध्ये दुसरी अधिसूचना निघाली. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटर नियंत्रित ठरले. २०१० च्या दुरुस्तीने हा निर्बंध कायद्यातच घालण्यात आला आणि तो राबविण्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. हेतू उत्तमच होता. पण बेगमपूरसारख्या गावात, जेथे घरांच्या भिंती मशिदीच्या जोत्याला टेकलेल्या आहेत, तेथे शंभर मीटर म्हणजे गावाचा फार मोठा भाग! एका कायद्याने वर्षानुवर्षे सांगितले, ‘येथे तुला विचारणारे कोणी नाही’. दुसऱ्याने एकाएकी सांगितले, ‘परवानगीवाचून विटेवर वीट ठेवू नकोस.’ या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या माणसाच्या मनात त्या मशिदीविषयी कोणती भावना उत्पन्न होईल? जिच्या पोटात त्याचे पूर्वज वाढले, तीच वास्तू त्याला आपल्या घरावर बसलेली धोंड वाटू लागली तर दोष केवळ त्याचा नव्हे. माझ्या भाच्याला निदान लाकडी खिडकी बसविण्याची मोकळीक होती. घर सोडण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

आता याद्यांकडे पुन्हा वळू. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली दिल्लीत सुमारे पावणेदोनशे स्मारके आहेत. बाकीची हजारभर वास्तुसंपदा दीर्घकाळ वाऱ्यावरच होती. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्टॅक’ या संस्थेने दिल्लीतील सुमारे बाराशे वास्तूंची दोन खंडांतील यादी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. २००४ मध्ये दिल्लीत वारसा-संवर्धन समिती आली आणि दिल्ली राज्याचा स्वतंत्र स्मारक कायदाही झाला. २०१० मध्ये महापालिकेच्या हद्दीतील साडेसातशेहून अधिक वास्तू अधिसूचित झाल्या. इंग्लंडमधील ‘यादी’शी खरे नाते सांगणारी व्यवस्था ही. या बाबतीत आपली मुंबई दिल्लीच्या पुढे होती हे येथे नमूद करावयास हवे. १९९५ ची बृहन्मुंबईची वारसा-नियमावली ही देशातील अशी पहिली नियमावली. अर्थात नियमावली असूनही गिरगावातील खोताच्या वाडीसारख्या वस्तीतली कित्येक लाकडी घरे गेलीच, हेही तितकेच खरे.

कारण यादी म्हणजे रक्षण नव्हे. २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी देशातील १६५५ संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा ९२ स्मारके जागेवर आढळलीच नाहीत! पुढे शोध घेता त्यांपैकी काही सापडली. काही धरणाखाली गेली होती, काही शहरांनी गिळली होती, आणि काहींचा मागमूसही लागला नाही. २०२४ मध्ये पुरातत्त्व खात्याने अशी अठरा स्मारके संरक्षित यादीतून कमी केली. त्यांत आपल्या परिसरातील तीन नावे आहेत: दिल्लीतील बाराखंबा कबरस्तान, कोटला मुबारकपूर येथील इंचलावाली गुमटी आणि फरिदाबादजवळच्या मुजेसर गावातील तेरा क्रमांकाचा कोसमिनार. कोसमिनार म्हणजे मोगल काळातील हमरस्त्यावरचा अंतर दाखविणारा बुरुजवजा खांब. शेकडो वर्षे वाटसरूंना वाट दाखविणारा तो खांब स्वतःच वाट चुकला! ही स्मारके एका रात्रीत नाहीशी झाली नसणार. आज एक दगड, उद्या एक भिंत, परवा एक खोली, अशा क्रमानेच हे घडत असते. त्या प्रत्येक पायरीला कोणी ना कोणी शेजारी होताच. पण त्याने पाहिले नाही, किंवा पाहून ‘आपल्याला काय त्याचे’ म्हटले.

आणि हा दोष अडाणी खेडुतांचा, असे कोणी समजू नये. कोटला मुबारकपूरपासून हाकेच्या अंतरावर डिफेन्स कॉलनी ही सुशिक्षित, सुखवस्तू वसाहत आहे. तेथील शेख अलीची गुमटी ही लोदीकालीन कबरवास्तू. १९६० च्या दशकापासून ती वसाहतीच्या रहिवासी संघटनेच्या ताब्यात होती आणि तिचा कचेरी म्हणून वापर होत होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती वास्तू मोकळी झाली. हे वाचताना मला आपल्यासारख्याच मंडळांची व संघटनांची आठवण झाली. आपणही जागेच्या शोधात असतो. आपल्यालाही कपाटे, खुर्च्या, सतरंज्या ठेवावयाच्या असतात. मोहाचा तसा क्षण आपल्यावर आला असता तर आपण काय केले असते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

यावर कोणी म्हणेल, “हे सारे ठीक; पण तुघलक-लोदींच्या या इमारतींशी आपला काय संबंध? आपण रायगडाची काळजी वाहू, पन्हाळ्याची वाहू.” ती अवश्य वाहिली पाहिजे. १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी रायगडावरील शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारला, तेव्हा गावोगावच्या सामान्य माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे दिले. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी आदी महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा दिल्लीतील मराठी घरांतही पेढे वाटले गेले. पण त्या जिंजीचा विचार करा. तेथे आज मराठी माणूस कितीसा राहतो? राजारामछत्रपतींना आश्रय देणारा तो दुर्ग तेथील तमिळ शेजाऱ्यांनी ‘परक्यांचा’ म्हणून पाडून दगड विकले असते, तर आपल्याला काय वाटले असते? जिंजीच्या शेजाऱ्याकडून आपण ज्या धर्माची अपेक्षा करतो, तोच धर्म बेगमपूरच्या शेजारी राहताना आपल्याला लागू होतो.

शिवाय दिल्लीशी आपले खाते अगदीच कोरे नाही. १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने दिल्लीच्या वेशीवर धडक दिली. पुढे महादजी शिंद्यांनी बादशहाची व दिल्लीची राखण केली. १८०३ च्या ११ सप्टेंबरला यमुनेपलीकडे पटपडगंजच्या परिसरात शिंद्यांची फौज जनरल लेककडून पराभूत झाली. त्या लढाईची खूण म्हणून इंग्रजांनी उभारलेला स्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात आहे. या गोष्टी आपण अभिमानाने वा खंतीने सांगतो. पण १७६० मध्ये, पानिपताच्या आधी, पैशाची टंचाई पडली तेव्हा सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत काढून त्याची नाणी पाडली, हेही त्याच खात्यात लिहिलेले आहे. प्रसंग बिकट होता, फौज उपाशी होती. भाऊंना दोष देण्याचा माझा हेतू नाही. सांगावयाचे इतकेच की, जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू असलेले हे खाते आपले आहे, आणि जमेच्या बाजूला काही घालण्याची संधी आपल्या पिढीला अजून आहे.

ती संधी कोणती? मोठे निधी उभारणे, जीर्णोद्धार करणे हे तज्ज्ञांचे आणि खात्याचे काम. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावणारा हौशी उपकारकर्ता हा पुष्कळदा शत्रूइतकाच घातक ठरतो. आपल्याला करता येण्याजोगे काम याहून साधे आहे, आणि ते म्हणजे पाहणे. माझी सूचना अशी: मंडळाने आपल्या परिसरातील एका गावातील एक वास्तू निवडावी. तिच्याविषयी छापलेले जे उपलब्ध आहे ते मंडळाच्या ग्रंथालयात आणावे. दरवर्षी, समजा गणेशोत्सवानंतरच्या एखाद्या रविवारी, मुलाबाळांसह तेथे जावे आणि ठरलेल्या दहा जागांवर उभे राहून त्याच दहा बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. तारीख घालून ती जपून ठेवावीत. गेल्या वर्षी दिसणारी कमान या वर्षी बुजलेली आढळली, तर संबंधित कार्यालयाला लेखी कळवावे. एवढेच. ज्या स्मारकांचा मागमूस लागला नाही, त्यांच्यापाशी अशी वर्षावर्षाची छायाचित्रे कोणी ठेवली असती, तर निदान ती कधी आणि कशी गेली हे तरी कळले असते. कदाचित ती गेलीही नसती.

याच्या जोडीने त्या गावातील वृद्धांशी दोन शब्द बोलावेत. मशिदीतले गाव बाहेर आले ही गोष्ट त्यांनी आजी-आजोबांकडून ऐकली असण्याचा संभव आहे. आपल्याकडे वाडे पडले तेव्हा वाड्यातील आठवणी कोणी लिहून ठेवल्या नाहीत, याची हळहळ आपण करतो. मग येथल्या आठवणी टिपून घेण्यात आपण का मागे राहावे? गावकऱ्याला स्मारकाचा अडथळा म्हणून नव्हे, तर त्याचा जुना रहिवासी म्हणून कोणी भेटावयास आले, तर कायद्याने उभी केलेली ती अदृश्य भिंत एखाद्या चिऱ्याने तरी खाली येईल.

पन्नास वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी हे मंडळ स्थापन केले ते परमुलखात आपले काहीतरी जपावे म्हणून. आज आपली तिसरी पिढी येथेच जन्मते, येथेच शाळेत जाते. तिच्या लेखी हा परमुलूख राहिलेला नाही. ज्या भूमीवर आपल्या वसाहती उभ्या आहेत ती कोणा गावाची शेते होती, आणि त्या गावाच्या पोटात त्याआधीची एक राजधानी होती, हे तिला सांगावयास आपल्याशिवाय दुसरे कोण आहे?

भाच्याची खिडकी अखेर लाकडाचीच बसली. जुन्या पद्धतीचे काम जाणणारा सुतार त्याला शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी शोधून दिला. खिडकी बसली त्या दिवशी त्या रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या, समाधानाने मान हलविली आणि काही न बोलता घरी गेल्या, असे तो सांगत होता. त्याच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला आता देऊ शकतो. खिडकी सरकारची नव्हती. तुझीच होती, आणि थोडी त्या बाईंचीही होती. बेगमपूरचे ते अंगणही तसेच आहे. ते सरकारच्या दप्तरात सरकारचे असेल. पण थोडे ते क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचे आहे, आणि थोडे आपलेही आहे.